जात्याचा खुंटा

आंदणाच्या यादीत असं होतं म्हणे:
दोन हंडे, एक समई, एक दुभती कपिला,
आणि सगळ्यात खाली, कागदावर जागा उरली म्हणून,
धुरपता, वय अदमासे नऊ.

कपिला तीन वर्षांत मेली.
हंडे मोडीत गेले.
धुरपता टिकली.

हदगावच्या अंगाला, नदीपासून दीड कोसावर, गढीच्या मागच्या पडवीत
पहाटे दोन पायली जोंधळा.
बाया दळताना माहेर गातात.
हिला माहेर ठाऊक नव्हतं, ही फेरे मोजायची.
शंभराच्या पुढे आकडे येत नव्हते,
म्हणून शंभर झाले की पुन्हा एक.

त्या भाद्रपदात आभाळातून विमान गेलं.
कोंबड्या कणगीखाली शिरल्या.
सोलापुराकडून फौज निघाली, असं दिवाणखान्यात कुणी बोललं,
आणि नाक्यावरचे बंदूकवाले रातोरात कुठं गेले कळलं नाही.
दिंडीला कुलूप घालायचं राहून गेलं
की घालणाराच आधी पळाला,
यावर आई आणि कचरूमामा मरेपर्यंत भांडले.

लढाई कुणाची कुणाशी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
तिनं पाहिलं ते एवढंच,
की दूध मागताना मालकांचा हात कापत होता.
तिचा नव्हता.

कचरूमामा बारा सालं तिथंच राबलेला सालगडी.
तो बैलाच्या कानात काहीतरी बोलला
आणि बैल दाव्यालाच ठेवून आला.
आईनं भाकर घेतली नाही, लुगडं घेतलं नाही.
जात्याचा खुंटा हलवून हलवून उपटला
आणि कमरेला खोचला.
दळा म्हणावं उद्या.

मी तीन वर्षांचा होतो. मला काहीच आठवत नाही,
तरी मला आठवतं:
चार भोपळ्यांची सांगड, एक भोपळा चिरलेला,
पैनगंगेचं गढूळ पोट,
एकादशीचा चंद्र ढगात, बरंच झालं,
आणि आईचा हात माझ्या तोंडावर
इतका घट्ट, की त्याला पिठाचा वास होता.
मधोमध कचरूमामा म्हणाला, धुरपते, फेक ते लाकूड, जड होतंय.
ती म्हणाली, तू पोह.

पलीकडे उमरखेडच्या छावणीत
चष्मेवाल्या कारकुनानं विचारलं, नाव?
धुरपता.
कोणाची?
आई गप्प. मागं वळून पाणी बघितलं तिनं.
कारकून बरा माणूस होता, त्यानं रेघ ओढली.
मग माझ्याकडे बोट करून, याचा बाप?
हे गढीला ठाऊक होतं. आईनं ते कधी उच्चारलं नाही.
कचरूमामा पुढं झाला, म्हणाला, लिवा माझं.
ते खरं नव्हतं.
मग वर्षावर्षानं होत गेलं.
पण तोंडाला मामाच बसलं होतं, ते बदललं नाही.

पाच दिवसांत लढाई संपली.
गढीवर नवा झेंडा लागला, दोरी ओढली मालकांनीच,
डोक्यावर पांढरी टोपी, करकरीत.
दिवाळीला त्यांचा माणूस नदी ओलांडून आला:
आता आपलंच राज्य आलं, माघारी चला,
कुणी काही बोलणार नाही.
आईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला.
म्हणाली, खुंटा नवा करून घ्या म्हणावं.

पुढं तिनं स्वतःचं जातं घेतलं, बाजारातून,
कापूस वेचून, सव्वा रुपयाला.
जुना खुंटा त्याच्या भोकात बसेना.
जरासा तासला असता तर बसला असता.
तिनं तासला नाही.
कोनाड्यात ठेवला, देवांच्या शेजारी नाही, चुन्याच्या डबीशेजारी.

कोंबडा आरवायच्या आधी ती उठायचीच, अखेरपर्यंत.
दिवा लावायची नाही.
जात्याला पाठ टेकून पाय पसरायची
आणि उजाडेस्तोवर नुसती बसून राहायची.